एकाच डीपीवर

४ मार्च

ती. आत्यास घुमीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायचं असतं, पण नाहीत. आई पिल्लं विकते ना, त्या उबवणीच्या विजेच्या पेट्यांमधली सगळी अंडी गेली. एक-दोन दिवसांत फुटायची होती गं. कान लावला की आतून चिवचिव ऐकू यायची.

तुझा लाडका धाकटा भाऊ, म्हणजे आमचा काका, त्याने आमच्या भिंतीला लागून शेड ठोकली आणि त्यात ती बिटकॉईनसारखी कॉम्प्युटरवरची कॉईन काढायची मशिनं लावली. दिवसरात्र आकडेमोड करतात आणि भुंग्यासारखी घोंघावतात. तीही घरगुती मीटरवर! अख्खी गल्ली एकाच डीपीवर, त्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर. त्याने आणखी मशिनं जोडली तसं व्होल्टेज पडलं, पेट्या गार झाल्या. आईने वर पांघरुणं टाकली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. चिवचिव थांबली ती थांबलीच.

मी भांडायला गेले तर नेहमीसारखी दातखीळ बसली. तोच बोलला. म्हणाला की तुमचं वायरिंग जुनं आहे, आणि ब्लॉकचेन म्हणजे काय ते आठवीतून घरी बसलेल्या पोरीला कळायचं नाही. त्यावर जगाचा हिशेब चालतो, मधे ना बँक ना सरकार. जगाचा हिशेब ठेवतो म्हणे, शेजारचा बल्ब विझलेला दिसत नाही. वीज ऑफिसातले साहेब म्हणाले, या मशिनांना अजून नियमच नाही, आम्ही कुणाला काय सांगणार.

मला ती शेड बंद पडलेली बघायचीय. बाकी काही नको.

माया आहे तशी ठेव. त्याच्यावरची थोडी कमी केलीस तरी चालेल.
तुझी घुमी


९ मार्च

चि. घुमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर 'हं'च्या पुढे न जाणारी पोर एवढं लिहिते, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगून आले. वहिनीसाठी फार वाईट वाटलं.

आता ऐक. मी नगरपालिकेत टायपिस्ट आहे, त्यामुळे एवढं कळतं. तुमच्या नगरपालिकेलाही या मशिनांसाठी नियम करायचाय, त्याची सुनावणी आहे, कुणीही जाऊन बोलू शकतं. आमच्याकडे हाच वाद झाला तेव्हा बंदी नाही घातली. वेगळी लाईन, जास्तीचा दर, आवाजाला मर्यादा, एवढंच केलं. तूही तेवढंच माग. नियम एकट्या काकासाठी होत नाही गं, तो सगळ्यांना लागतो. आणि तो गाढव असला तरी माझ्या पाठचा आहे.

जेवत जा. राग आला तरी पत्र टाकत जा.
आत्या


२१ मार्च

ती. आत्यास सा. न.

गेले होते! काका इस्त्रीचा शर्ट घालून आधी बोलला. इथे बंदी आली तर हा धंदा शेजारच्या गावात जाईल, पोरांची कामं जातील, वगैरे. सगळे माना डोलवत होते. मग माझी पाळी आली आणि तोंडून शब्द फुटेना. मी आईच्या गेलेल्या अंड्यांची टोपली नेली होती, ती टेबलावर ठेवली आणि एक अंडं फोडलं. मग दुसरं. आत पिल्लू होतं, चोचीपर्यंत पुरं झालेलं. वास असा सुटला की साहेबांनी फायली नाकाला लावल्या. अध्यक्षबाईंनी विचारलं की बाळ, तुला नक्की काय हवंय. तेव्हा आवाज आला. मी म्हणाले, गल्लीत घरगुती मीटरवर दिवसरात्र चालणारं धंद्याचं कुठलंच मशीन नको.

तू सांगितलेली वेगळी लाईन ओठांवर होती. पण ती काकाने हसत हसत घेतली असती. नियम माझ्याच शब्दांत पास झाला. शेडला कुलूप आहे. मी खिडकीत बसून ती शांतता ऐकते. फार गोड लागते.

रागावू नकोस, आणि रागावलीस तर मनात ठेवू नकोस.
घुमी


२६ मार्च

चि. घुमीस आशीर्वाद.

एकच विचारते. वहिनीच्या पेट्या कुठल्या मीटरवर चालतात?

लवकर कळव.
आत्या


८ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच वीजवाला येऊन आमच्या पेट्याही सील करून गेला. आई त्याला फक्त पाणी हवं का म्हणाली.

कारखान्याची लाईन गल्लीत आणता येते, पण लागून असलेल्या दोन्ही घरांनी मिळून अर्ज करायचा. काल काका तो अर्ज घेऊन दारात उभा राहिला. आईला आयुष्यात पहिल्यांदा अहो वहिनी म्हणाला. दोघांचंही सुरू होईल, फक्त सही करा म्हणाला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, तू म्हणशील तसं. त्याच्या कपाळावर घाम होता. मी नाही म्हणाले. स्पष्ट, एकदाच.

सोमवारपासून आई गावाबाहेरच्या मोठ्या हॅचरीत रोजाने जातेय, दुसऱ्याची अंडी फिरवायला. माझ्याशी बोलत नाही. तू हट्ट सोड म्हणशील, म्हणून आधीच सांगते, सोडणार नाही. शेड अजून बंद आहे.

माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तसं लिही. पण आईला पत्र टाक. तिला कुणाशी तरी बोलायला हवं.
घुमी