फोमचं विमान का आणलं

बाबा,

मी मैदानावर पुढे गेलेय. सूप शेगडीवर आहे, गरम करून घ्या.

काल माझं रिमोटवर उडणारं फोमचं विमान बघून तुम्ही "खेळणं आहे" एवढंच म्हणालात आणि न जेवता उठलात. तुम्ही बाल्साच्या हलक्या लाकडातून बांधलेलं विमान मला नकोसं झालं, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही.

मला विमान हवेत कोलांट्या मारत, उलटं उडवायला शिकायचंय. विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातल्या ग्लेनिसबाई म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात वीसदा तरी आपटशील. आपटून वाकेल आणि गोंद लावला की दुपारी परत उडेल, असलंच घे." बाल्साचं एकदा आपटलं की त्याचा चुराच. पूर्वी तुम्ही आठवड्यात नवा पंख करून द्यायचात. आता हात थरथरतो, तरी मी मागितला असता तर तुम्ही नाही म्हणाला नसता, करत बसला असता. ते मला बघवलं नसतं. हे काल तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही.

अकरा वाजता डेस्मंडकाका तुम्हाला मैदानावर आणायला गाडी घेऊन येतील. टोपी घालून या, मॅगपाय पक्षी सध्या डोक्यावर झडप घालतायत.

विमान उलटं झालं की मला डावं-उजवं कळेनासं होतं. ग्लेनिसबाई ओरडतात, मग मी आणखीच गोंधळते. तुम्ही शेजारी उभे राहा आणि सायकल शिकवताना सांगायचात तसं हळू आवाजात सांगा.

तुम्ही येईपर्यंत मी सरळच उडवत राहते.

नेरिडा