मागे वळून थांबणारा खेकडा

इलोइलो, ९ ऑक्टोबर

प्रिय रोडेल,

तुला आणि जहाजावरच्या तुझ्या सगळ्या सोबत्यांना आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. मायुमीचा खोकला गेला. काल ला पाझच्या बाजारात शेवयांचं गरम बाचॉय खाल्लं. एरवी ती कलेजी माझ्या वाडग्यात टाकते, काल तिने ती नुसतीच बाजूला काढून ठेवली.

पोरगी फोनवर का येत नाही, असं तू दोनदा विचारलंस. अभ्यास असतो, असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं.

माझ्या वर्गातले ते ठोकळे तू पाहिलेत. पोटात छोटा संगणक, वर ‘पुढे’, ‘वळ’, ‘थांब’ असं लिहिलेलं. मुलं ते हाताने ओळीत जोडतात आणि खेळणं तसं चालतं. मायुमीने महिनाभर खपून एक खेकडा चालवला. पण तो थोडा चालला की थांबायचा, मागे वळून उभा राहायचा, मग पुढे जायचा. मला वाटलं, तिचं चुकलंय. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ती केस विंचरत होती, तेवढ्यात मी मधले ‘वळ’ आणि ‘थांब’चे ठोकळे काढून टाकले. मुलांच्या कामाला मोठ्यांनी हात लावू नये, ही पाटी माझ्याच भिंतीवर आहे.

तिथे खेकडा सुसाट गेला. टाळ्या पडल्या. मायुमी म्हणाली, “हा माझा नाही. माझा थांबतो.”

परीक्षक बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही काही केलंत का?”

“छे हो. पोर बावरलीय.”

हे मी म्हणाले, रोडेल, तिच्यासमोर. बाकीच्या मुलांचे आईबाप बघत होते, मला माझ्या वर्गाच्या नावाची काळजी पडली. तिची आई गेल्यावर तू तिला विश्वासाने माझ्याकडे ठेवलीस, आणि मी तिला चारचौघांत खोटं पाडलं.

चषक मिळाला. त्याचा फोटो मीच तुला पाठवला, तू तो जहाजभर दाखवलास. तू शाबासकी देशील, याचीच तिला धास्ती आहे.

सोमवारी मी परीक्षक बाईंना खरं सांगून चषक परत केला. पुढच्या वर्षी माझ्या वर्गाला तिथे प्रवेश नाही. घरी येऊन मायुमीला हे सांगितलं तर म्हणाली, “आता काय उपयोग, आत्या? तेव्हा सगळे होते.”

ती पुन्हा ठोकळे घेऊन बसते, पण दार लावून. आतून खेकडा चालल्याचा आवाज येतो, मध्येच बंद होतो, मग परत येतो.

तो मागे वळून कशासाठी थांबतो, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. परवा विचारलं. “तुला नाही सांगणार,” म्हणाली.

बाबाला सगळं कळलंय, एवढं सांगून मी तिला फोनवर आणीन. तू चषकाचं काढू नकोस. खेकड्याचं विचार. तुला ती सांगेल. आणि सांगितलं, तर मला कळवू नकोस. मला ते तिच्याकडूनच ऐकायचंय, तिला वाटेल तेव्हा.

तोवर दाराबाहेर बसलेली,
तुझी थोरली बहीण
पेर्ला