डोक्यावरची कडी

९ जानेवारी

चि. भिंगरीस,
मामाचे भरपूर आशीर्वाद. आधी नेहमीची तक्रार. फोन करत जाऊ नकोस. तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढून कान कामातून गेले आहेत. तुझं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं आणि मी उगाच हो हो म्हणत बसतो. पत्र लिही, ते चार वेळा वाचता येतं.

यंदाच्या शर्यतीच्या नव्या गाड्यांची चित्रं आली. दरवर्षीप्रमाणे शंभरपैकी गुण देतो. लाल गाडीचं नाक मुंगसासारखं जमिनीला घासतंय, बासष्ट. हिरवीचा मागचा पंख बघून मी हातातला चहा गार केला, एक्क्याऐंशी. निळीला रंग कोणी दिला देव जाणे, आमच्या शेजारच्या रंगाऱ्यालाही रडू आलं, चाळीस.

आता मुख्य रडगाणं. नव्या नियमानं सगळ्या मोठ्या गाड्यांना ड्रायव्हरच्या डोक्यावरून एक लोखंडी कमान बसवली आहे. बाजारच्या टोपलीला कडी असते ना, अगदी तशी. उघड्या गाडीत ड्रायव्हरचं डोकं दिसतं, वळणाआधी ते कसं कलतं ते दिसतं, यातच तर सगळी मजा! आता दिसणार ती कडी. सोबत चित्र काढून पाठवलंय, शर्यत मंडळाचे अध्यक्ष गाडी कडीला धरून भाजीला निघालेत. गुण शून्य. ज्याला डोक्याची एवढी काळजी असेल त्यानं घरी बसून स्वेटर विणावेत.

तुमच्या लहान गाड्यांच्या गटात ही कडी यंदा मर्जीवर आणि पुढच्या वर्षी सक्तीची, असं वाचलं. म्हणजे एक वर्ष तरी आमची भाची मोकळ्या डोक्यानं बघायला मिळेल. आईला जप, वेळेवर जेव आणि मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा


२ मार्च

ती. स्व. मामास,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार. मामा, तुमच्या पत्रानं इथे धमाल उडवली आहे. हंगामाआधी आम्हा चौदा ड्रायव्हरांची बैठक होती. कडी यंदाच बसवून घ्या म्हणून मंडळाचे साहेब अर्धा तास समजावत होते आणि लोक माना डोलवायला लागले होते. मी उभी राहिले आणि तुमचं पत्र खणखणीत वाचलं. टोपलीपाशी हशा सुरू झाला तो स्वेटरपर्यंत थांबेना. त्यानंतर हात वर करून कडी मागायची कोणाची छाती होईना. अकरा जणांनी यंदा कडी नको म्हणून सह्या केल्या. पहिली सही माझी.

तुमचं चित्र कोणीतरी शर्टावर छापलं. सरावाला येणारे प्रेक्षक तेच घालून येतात. आमचे मुख्य मेकॅनिक वस्ताद मात्र तोंड वाकडं करून असतात. कडीच्या सात किलो वजनासाठी डोकं उघडं ठेवायचं हा कुठला हिशोब, असं ते रोज एकदा पुटपुटतात. मी त्यांना विणकामाच्या सुया आणून देणार आहे.

आई बरी आहे. दवाखान्यात एक्स-रे काढून दमते, पण बदली मागत नाही. तिला या गमती सांगितल्या की ती फक्त हं म्हणते. तुमचा आशीर्वाद पाठीशी आहेच, तो गाडीच्याही पाठीशी असू द्या.

तुमची भिंगरी


१८ मे

चि. धाकट्यास,
ताईचा आशीर्वाद. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो. बाकी जे लिहायला बसले आहे ते लिहिते.

परवाच्या शर्यतीत पुढच्या गाडीचं मागचं चाक निखळलं. ते उसळून भिंगरीच्या गाडीवरून गेलं. डोक्यावरून वीतभर अंतर होतं, असं वस्तादांनी मला वेगळं बोलावून सांगितलं. हिनं मला तीच गोष्ट जेवताना सांगितली, हसत हसत, केस कापायचे पैसे वाचले असते म्हणाली. मी भाजी वाढत होते. वाढतच राहिले.

मी रोज कवट्यांचे फोटो काढते, धाकट्या. कानाच्या वर, बाजूला, हाड किती पातळ असतं ते तुला माहीत नाही. फोटो उजेडासमोर धरला की नखाच्या जाडीएवढी रेघ दिसते, तेवढंच असतं. मी तिला हे सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा अबोलाही धरला. तिचे वडील असते तर काही बोलले असते, ते गेल्यापासून ती कोणाचं ऐकत असेल तर तुझं. लहानपणी ती माझ्याकडून अक्षरं शिकली, पण ती जुळवून वाचली तुझी पत्रं. तू शून्य दिलेस म्हणून तिनं कडी नाकारली. तुझ्यासाठी ती गंमत होती हे मला कळतं. तू वाईट मनानं लिहिलं नाहीस. पण आग लावणाऱ्याला बोंब मारायचा हक्क नसतो, विझवायला लागतं.

तेव्हा तू लिही. कडी बसवून घे म्हणून लिही. कसं लिहायचं ते तुला जमतं, मला नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे हे लक्षात ठेव आणि माझ्यावर पूर्वीसारखाच जीव असू दे.

तुझी ताई


२७ मे

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद. हे पत्र कुठल्याही बैठकीत वाचायचं नाही, आणि वाचायचंच असेल तर पहिलं जितक्या मोठ्यानं वाचलंस तितक्याच मोठ्यानं हेही वाच.

चाकाची हकीकत कळली. मी शर्यतीचं ते चित्रण पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काही दिसलंच नाही, इतकं ते झटकन झालं. मग एकेक चित्र थांबवून पाहिलं. त्यानंतर दोन दिवस मी दुकान उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दीड इंची पाइप वाकवून मी तसलीच कडी केली आणि अंगणातल्या भंगार सांगाड्यावर बसवली. ड्रायव्हरचं डोकं येतं तिथे रंगाचा रिकामा डबा ठेवला, वरच्या फांदीला दोर बांधून एक जुनं चाक झोका देऊन सोडलं. कडी होती तेव्हा डबा हललासुद्धा नाही. कडी काढून, दुसरा डबा ठेवून चाक पुन्हा सोडलं. तो दुसरा डबा पार्सलनं पाठवतो आहे, नीट बघ. मी जन्मभर पोचे काढले. दार, बॉनेट, टपाचा पत्रा, जे म्हणशील ते मी ठोकून सरळ करून दिलंय. माणसाच्या डोक्याचा पोचा काढणारा कारागीर मात्र मला माहीत नाही.

माझं चुकलं. मी बाहेर बसून बघणारा माणूस. गाडी देखणी आहे की नाही एवढंच मला कळतं, तिच्यात बसायचं असतं ते तुला. कडी कुरूप आहे, ती लाव. लावलीस तर तुझ्या गाडीला शंभरपैकी शंभर देतो. आजवर कोणाला दिलेले नाहीत. ऐकशील ना? ऐक. मामाचं एवढं एक मागणं आहे.

तुझा मामा


६ जून

ती. स्व. मामास,
सा. नमस्कार. अक्षर तुमचं, पण बोलणं आईचं! तिनं तुम्हाला कामाला लावलंय हे न कळायला मी कुक्कुलं बाळ आहे का?

मामा, रागावू नका, पण आता माझा इलाज नाही. बाकी दहा जणांनी माझ्या शब्दावर सह्या केल्यात. आज मी कडी लावली तर उद्या ते माझ्याकडे कोणत्या नजरेनं बघतील? शिवाय सात किलो म्हणजे प्रत्येक फेरीला सेकंदाचा पाचवा हिस्सा, आणि माझ्यात न् पहिल्या नंबरात तेवढंच अंतर आहे. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच लावायची आहे, तेव्हा मीही गुपचूप लावीन. तोवर चार-पाच महिनेच तर काढायचेत. असं चाक जन्मात एकदा येतं, माझं येऊन गेलं.

डबा पोचला. वस्तादांनी तो बराच वेळ हातात धरला होता. सध्या दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आम्ही तो दाराला लावतो. शंभर गुण राखून ठेवा, मी जिंकून घेईन. लोभ कमी केलात तर आईकडे तुमची चहाडी करीन.

तुमची भिंगरी


१९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. ती सुखरूप आहे हे आधी लिहिते. पहिली आली. हंगामाचं पदकही तिलाच मिळालं.

मी या वेळी प्रथमच मैदानावर गेले. घरी बसून वाट बघणं जास्त वाईट, असं वाटलं होतं. तसं नव्हतं. सगळ्या गॅलरीत तुझं टोपलीचं चित्र, माणसांच्या छातीवर, पाठीवर. मी कोण ते कोणीतरी ओळखलं आणि मला एकदम पुढे नेऊन बसवलं, खाऊ दिला, शर्ट दिला. चांगली माणसं होती रे. सगळी तिच्यावर जीव टाकणारी. त्यांनी आग्रह केला, आणि मी साडीवरून तो शर्ट घातला. का घातला, मला सांगता येणार नाही. पुढची चाळीस मिनिटं मी त्या लोकांमध्ये बसून फक्त तिचं पिवळं हेल्मेट बघत होते.

खरी बातमी पुढेच आहे. संध्याकाळी मंडळाची सभा झाली. अख्ख्या हंगामात एकाच्याही डोक्याला इजा झाली नाही, तेव्हा कडीची सक्ती आणखी तीन वर्षं पुढे ढकलली आहे. ड्रायव्हरांचा अर्ज होता, तो एकमतानं मंजूर झाला. अर्ज हिनं लिहिला होता. पुढच्या वर्षी गुपचूप लावीन असं तिनं तुला लिहिलं होतं, तूच कळवलं होतंस, आठवतंय ना? विचारलं तर म्हणाली, आई, आता नियमच नाही.

माझ्या गळ्यात पडून ती रडली, आनंदानं. मी तिची पाठ थोपटली आणि छान झालं म्हणाले. धाकट्या, तिला काही झालं नाही याचा मला आनंद आहे, आणि काही झालं नाही म्हणूनच आता तिला कोणी काही सांगू शकणार नाही. तुला काही सुचत असेल तर कर. माझं सगळं करून झालं.

तुझी ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. नमस्कार. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मंडळाला लिहिलं. चित्र माझं आहे, ती माझी चूक होती, कडी सक्तीची करा, असं चार पानं लिहिलं. उत्तर आलंय. एवढ्या आस्थेनं लिहिणाऱ्या जुन्या रसिकाचे त्यांनी आभार मानलेत. नियमांबाबत ड्रायव्हर आणि संघ यांचंच मत धरलं जातं, प्रेक्षकांचं नाही, हेही नम्रपणे कळवलंय. वस्तादांनाही लिहिलं. ते म्हणतात, कडी कपाटात तयार आहे, बसवायला अर्धा दिवस पुरेल, पण गाडी तिची आहे.

भिंगरीला या आठवड्यात मी तीन पत्रं लिहायला घेतली. विनवणी, धाक, शपथ, सगळं करून पाहिलं. तिन्ही फाडली. का फाडली ते तुला सांगायलाच हवं.

शेवटची शर्यत मी दुकानात बसून पाहिली. शेवटून तिसऱ्या फेरीत तिनं पुढच्या गाडीला आतल्या बाजूनं गाठलं. वळणाच्या कितीतरी आधी तिचं डोकं कललं, आणि ते स्पष्ट दिसलं, मध्ये काही नव्हतं म्हणून दिसलं. मी स्टूल पाडून उठलो आणि असा ओरडलो की रंगारी ब्रश घेऊन धावत आला. मी त्याला मिठी मारली. ताई, इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही. त्या वेळी मला ते चाक आठवलं नाही, डबा आठवला नाही. तू आठवली नाहीस. सगळं आठवलं, पण नंतर, स्टूल उचलून ठेवताना.

आता तिला काय लिहू? मी कितीही कळवळून लिहिलं तरी ती पत्र वाचून हसणार, कारण मी कसा ओरडलो असेन ते तिला न सांगता ठाऊक आहे. माझ्या हातानं वाढली आहे ती.

मार्चमध्ये पुढची शर्यत आहे. बघायची नाही असं रोज ठरवतो, आणि मी बघणार आहे. लोभ असावा हे कुठल्या तोंडानं लिहू? राग धर, हवा तितका धर, पण त्या दिवशी इकडे ये. मी ओरडायला लागलो तर मला धरायला कोणीतरी हवं.

तुझा धाकटा