पात्यावरचा निळा डाग

गुरुवार, दिवेलागण. केनवड.

आज घाई केली. काहून केली? सागवानी दरवाजा उद्या द्यायचा आहे, अन् रंध्याचं पातं बोथट झालेलं. बाबा ते दगडावर पाणी टाकून घासतात, त्यात अख्खी दुपार जाते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण धार लावणं सोडलं नाही. तेवढंच काम उरलंय त्यांच्याकडं.

म्हणून सकाळी त्यांना न सांगता मालेगावला गेलो अन् मशीनवर पातं घासून आणलं. ठिणग्या उडाल्या, कडेला निळा डाग पडला. तेव्हाच समजलं, पोलाद तापलं, त्याचं पाणी उतरलं, मऊ पडलं. आता कितीही घासा, धार टिकणार नाही. तरी वाटलं, बाबांच्या दगडावर निभेल. गुपचूप त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी दुपारभर घासलं, अंगठ्यानं धार पाहिली, खूश झाले. मी रंधा मारला. पहिले छिलके सरळ निघाले, मग लाकूड ओरबाडायला लागलं. बाबांनी आवाजावरूनच ओळखलं.

"आण इकडं."

पुन्हा घासलं. पुन्हा तेच.

शेवटी पातं फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलं. "माह्या हातात आता दम नाई राह्यला रे. उद्यापासून तूच लावत जाय धार."

निळा डाग माझ्या अंगठ्याखाली होता. बाबा, हात तुमचा नाही चुकला, एवढंच म्हणायचं होतं.

"बरं," म्हटलं मी.