पहिली पसंती

१४ जुलै, सोमवार

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. मावशीकडे रुळली असशील. इकडे सगळं ठीक. आपल्या औषधांच्या दुकानातला फ्रिज पुन्हा बसला. इन्सुलिन शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडे ठेवलंय, त्यानं वर चिठ्ठी लावलीय, 'हे खायचं नाही'. तुझ्या खोलीतल्या दगडांना हात लावलेला नाही.

फॉर्मवरचा उलटा क्रम बघून तू कॉम्प्युटरला शिव्या घालत गेलीस. क्रम त्यानंच फिरवला असं मी म्हणालो, तू मुकाट्यानं मान्यही केलंस. तेच खातंय मला. हा चौथा कागद.

तुला ताप होता म्हणून प्रवेशाचा फॉर्म कायम करायला मी केंद्रावर गेलो. तुझ्या यादीत भूगर्भशास्त्र पहिलं, आपल्या गावची फार्मसी दुसरी. खिडकीतल्या बाईंना विचारलं, पहिलं हुकलं तर दुसरंही जाईल का? त्या म्हणाल्या, "नाही हो काका. यादी वरून खाली बघतात, मार्कांत बसेल ते पहिलं देतात. मुलीला हवं तेच वर राहू द्या."

इतकं स्वच्छ सांगितलं त्यांनी. आणि मी तिथंच बसून फार्मसी वर नेली. ओटीपी मीच टाकला. दुकानाला माणूस हवं, हे निमित्त झालं गं. तू लांब गेलीस तर परत येणार नाहीस, याची भीती वाटली.

काल यादी लागली, तुला फार्मसी मिळाली. भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या मुलाला तुझ्यापेक्षा अकरा मार्क कमी आहेत.

आज सकाळी लेखी कबुली घेऊन पुन्हा गेलो. बाईंनी वाचून परत दिली. पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेरीत नाव येत नाही म्हणे. ही जागा सोडली तरच रिकाम्या जागांच्या फेरीत बसता येतं. भूगर्भशास्त्राच्या दोन जागा आहेत. त्यातली मिळेलच असं नाही, दोन्हीकडून हात रिकामे राहतील असंही होऊ शकतं. गुरुवारी पाचपर्यंत मुदत आहे आणि सही तुझीच लागते.

सगळे मूळ दाखले मावशीच्या यजमानांबरोबर पाठवतोय. आईला अजून बोललो नाही, ते निघाले की सांगेन. सोड म्हणणार नाही, ठेव म्हणणार नाही. एकदा तुला न विचारता ठरवलं, तेवढं पुरे झालं.

माझ्यावर रागव, वर्षभर रागव. पण गुरुवारपर्यंतचा वेळ त्यात घालवू नकोस.

तुझ्याशी खोटं बोललेला,
बाबा