वडाळ्याचा भूखंड क्रमांक चौदा

१२ नोव्हेंबर
सकाळपासून शहराच्या विकास आराखड्याच्या सातव्या प्रकरणाचं मराठी भाषांतर. आधीच्या सहांत पुढच्या वीस वर्षांत कुठल्या जमिनीवर काय, ते झालं. आता या सगळ्याला पैसा कुठून. कर्ज, विकास शुल्क, आणि काही सरकारी भूखंड लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणं. त्यांची यादी आहे. भू. क्र. १४, वडाळा, मिठागराच्या कडेला. शेरा: 'अंडरयुटिलाइज्ड'. कार्यालयाच्या शब्दसूचीप्रमाणे मराठीत 'अल्पोपयोजित'. गिरगावच्या प्रेसमध्ये जन्मभर मुद्रितं तपासली, हा शब्द कधी हाताखालून गेला नाही.
वडाळा आमच्या लालबागहून असं किती लांब? बघून यावं का?

१६ नोव्हेंबर, रविवार
गेलो. अर्धं कुंपण, गेट नाही. आत शिरलो तर जमीनच दिसेना. पिवळं, मरून, परत पिवळं. मांडवाचे पडदे, एकाला एक लागून, कडांवर दगड. दहाबारा बायका त्यावर बसून उसवलेलं शिवत होत्या. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाची झालर लगेच ओळखली. सण उरकले की हे कापड जातं कुठे, हा प्रश्न साठ वर्षांत पडला नव्हता.
त्यांच्यातल्या मोठ्या सुमनताई. परळच्या चाळीत वाढल्या, वडील गिरणीत होते. मांडववाले पडदे आणून टाकतात, या धुतात, वाळवतात, शिवतात. एवढं कापड एकदम पसरायला दुसरीकडे जागा कुठे आहे?
"जागा कोणाची?" मी.
"सरकारची. पण विचारायला कोणी आलं नाही कधी. तुम्हीच पहिले."
आराखड्याचं बोललो नाही. का नाही, ते...

घरी बायको, मंगल: "इतक्या उन्हात खंय व्हतात?"

१८ नोव्हेंबर
कदम मॅडमना विचारलं. आराखड्याचं सगळं काम त्यांच्याकडेच. त्या भागाची प्रत्यक्ष पाहणी झालेलीच नाही. पाहणीचे पैसे मध्येच संपले, उरलेलं उपग्रहाच्या फोटोवरून. फोटो दाखवला. मे महिन्यातला. बोडकी तपकिरी जमीन. साहजिक आहे, मे म्हणजे लग्नसराई, सगळे पडदे मांडवांवर. हे सांगितलं तर पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. "खरंच?" मग परत कागदांत बघत: "मसुदा प्रसिद्ध झाल्याशिवाय कर्जाचा पुढचा हप्ता सुटत नाही, परबकाका. आता काही बदलायला गेलं तर सगळंच अडकेल. हरकती मागवणारच आहोत, तेव्हा येऊ दे."
"हरकत घ्यायला आधी कळायला नको? अल्पोपयोजित म्हणजे काय?"
"शब्दसूची मंजूर आहे."
बाई वाईट नाही. तिघांचं काम एका टेबलावर.

२४ नोव्हेंबर
'अल्पोपयोजित'च्या जागी 'पुरेशी वापरात नसलेली जमीन' असं लिहून दिलं. कदम मॅ.नी त्या ओळीवर पेन ठेवलं. मग पानाखाली सही करून पुढचं पान घेतलं.

९ डिसेंबर
मसुद्याची पहिली सात प्रकरणं छापून आली. प्रत घेऊन वडाळ्याला. सुमनताईंना चौदा नंबरची ओळ वाचून दाखवली.
"परत वाचा."
वाचली.
"पुरेशी म्हणजे किती?"
हे मराठी माझंच, ते सांगून टाकलं. त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "म्हणजे त्या दिवशी त्यासाठी आला होतात." नुसतं बघायला आलो होतो, म्हटलं. खरंच होतं ते, पण बोलताना खोटं वाटलं.
निघताना म्हणाल्या, "आता हरकत पण तुम्हीच लिहा."

११ डिसेंबर
दोन प्रकरणं अजून माझ्याकडे. कार्यालयाच्याच कामावर राहून कार्यालयाविरुद्ध अर्ज? मंगलला विचारलं. कुळीथ निवडत होती. "लिवन दियात. अक्षर तुमचा, म्हणणा तिचा."
वडाळ्याला जाऊन लिहिला. सुमनताई बोलल्या तसाच, एक शब्द घातला नाही. त्यांनी सही केली, मागून बाकीच्या बायकांनी. काही अंगठे.

१२ डिसेंबर
स्वतः जाऊन कदम मॅ.ना सांगितलं. लपवून नको. त्या म्हणाल्या, "हे मी ऐकलं नाही असं समजते." थोड्या वेळाने, "पडदे किती दिवस असतात हो तिथे?" पावसाळा आणि उन्हाळ्यातली लग्नसराई सोडून जवळजवळ रोज, म्हटलं.

१९ डिसेंबर
उरलेली दोन्ही प्रकरणं दुसऱ्याकडे दिली. फोन आला, कारण नाही. अपेक्षित होतं, तरी दुपारभर काही सुचलं नाही. आठव्या प्रकरणात काय असेल? आता छापून आल्यावरच कळणार.

३० जानेवारी
दादरला सुनावणी. सुमनताईंचा नंबर जेवणानंतर. अध्यक्षांनी अर्ज वाचला. "वापराचा पुरावा? करार, पावती?"
"कागद नाही साहेब. दर मंगळवारी नवीन पडदे पसरतो. येऊन बघा."
मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष नाही हसले. कदम मॅ.कडे बघितलं, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढचा नंबर पुकारला.
बाहेर सुमनताई: "येतील?"

३ फेब्रुवारी
मंगळवार. कोणी आलं नाही.

१० फेब्रुवारी
मंगळवार. मी सकाळपासून तिथेच. अकराच्या सुमारास कदम मॅ. एकट्याच, नकाशा नि टेप घेऊन. मोजायचं होतं, पण या कडेपासून त्या कडेपर्यंत कापडच. थोडे पडदे उचलता येतील का, विचारलं.
सुमनताई म्हणाल्या, "शिवण अर्ध्यावर आहे, उचललं तर सगळं परत जुळवावं लागेल. चप्पल काढा नि वरून चालत जा."
मॅडम जरा थांबल्या. मग चप्पल काढली. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि पडद्यांवरून हळूहळू चालत पलीकडे गेल्या. बायका वाट देत सरकत होत्या. टोकाला पोचून त्यांनी आकडा ओरडून सांगितला. वाऱ्यात मला ऐकू आला नाही. परत विचारणार, तोवर त्या खाली बसून लिहायला लागल्या होत्या, आणि शेजारच्या बाईला काहीतरी विचारत होत्या.