सरलावहिनींचा आवाज आणि जयंतची पेटी

बागबाजार, कलकत्ता
१२ जानेवारी १९५४

सौ. कालिंदीवन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आमचे चिरंजीव जयंत इंजिनिअरिंगच्या नावाखाली काय दिवे लावतात ते परवा कळलं. बापाला ऐकू यावं म्हणून त्यानं पेटी केली आहे. बिस्किटांच्या डब्यात रेडिओचे व्हॉल्व्ह, वर मायक्रोफोन, आणि ह्यांच्या कानाला हेडफोन! हावड्याच्या कारखान्यात ह्यांचे कान गेल्यापासून मी इतकी ओरडते आहे की खालच्या मजल्यावरच्या मुखर्जीबाई मराठी शिकल्या. आता म्हणे हा डबा आमचा संसार सांभाळणार.

जेवायला वाढू का, म्हणून मी पेटीसमोर ओरडले, तर ह्यांनी डोकंच धरलं. त्यावर जयंतनं मलाच शिकवलं. पेटी आवाज ठराविक पटीनं वाढवते, पण तिलाही मर्यादा असते. आवाज त्यापुढे गेला की त्याच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि शब्दांची नुसती खरखर होते. म्हणून आईनं हळू बोलावं! या वयात?

खरं सांगू, ह्यांनी वैतागून पेटी टाकून दिली, तर जन्मभर भिंतीशी बोलायचं, याची मला भीती वाटते.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो राहू द्या.
तुमची
सरला

नागपूर
२० जानेवारी १९५४

ती. सरलावहिनींस,
कालिंदीचा शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. पेटी कसली टाकतोय! तुम्ही चुलीपाशी गेलात की ती दाराशी ठेवून ऐकत बसतो. तुमचं ओरडणं त्याला कळत नाही, पण पुटपुटणं स्वच्छ ऐकू येतं. दगडाशी लग्न लागलं, माझ्या माहेरचे सगळेच असले, सगळं त्यानं लिहून कळवलंय. हसून माझी पुरेवाट झाली.

शेवटी लिहितो, ही इतकं बोलते हे मी विसरूनच गेलो होतो. तुम्हाला सांगू नको म्हणाला, कळलं तर तुम्ही गप्प व्हाल म्हणून. पण मी पडले नणंद.

रागावलात तरी पत्र पाठवा.
आपली
कालिंदी

कलकत्ता
२ फेब्रुवारी १९५४

सौ. कालिंदीवन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचे बंधू पक्के लबाड! संतापानं मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. हे आपले पेटी घेऊन दाराशी बसलेलेच.

मग काल आमटी ढवळताना, मागे न वळता, बोलले. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, वन्सं. ह्यांचे कान गेल्यापासून त्या मी सांगितल्याच नव्हत्या. एका घरात राहून ह्यांची आठवण येत होती, एवढंच म्हटलं. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, डबा बिघडला असेल.

जेवणं झाल्यावर जयंतला हळूच सांगितलं, पेटीची बॅटरी उतरत आली असेल, नवी आणून ठेव. आतून ह्यांनी ओरडून दोन आणायला सांगितलं.

तुमच्या चहाडीबद्दल मी रागावलेलीच आहे, हे ध्यानात असू द्या.
सरला